चोळीबांगडीचा भाव

मांजरेच्या काठावर हिंगणथडी नावाचं गाव आहे आणि गावाच्या खालच्या अंगाला, नदीला अगदी खेटून, तेवीस घरांची एक गल्ली आहे. तिला नुसतंच थडी म्हणतात. पुढं ओटा, मागं परसदार आणि परसदाराच्या पायऱ्या थेट पाण्यात. लातूरहून पाहुणा आला की तो चहाच्या आधी परसदारी जातो, कमरेवर हात ठेवून पाण्याकडं बघतो आणि म्हणतो, "काय जागा हाय राव तुमची." अर्ध्या कोसावर एका प्लॉटवाल्यानं 'नदीकिनारी निवास' अशी भलीमोठी पाटी लावून उसाची वावरं विकली, ती हातोहात गेली. आणि सरकारनं मात्र थडीच्या राहत्या घरांचा असा भाव काढला, की त्या पैशात लातुरात मोरीएवढी जागा आली नसती.

घरं जाणार हे ठरलेलंच होतं. खालच्या बंधाऱ्याची उंची वाढणार, पाणी मागं तुंबणार, थडी बुडणार. लोकांनी दोन महिने आरडाओरड केली, मग मान्यही केलं. पाण्याशी भांडून कुणाचं भलं झालंय? पण घर घ्यायचं, वर त्याला कवडीचा भाव द्यायचा, आणि तोही कागदावर शिक्कामोर्तब करून, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. मोजणीला आलेला माणूस मे महिन्याच्या भर दुपारी आला, गाडीच्या सावलीत सात मिनिटं उभा राहिला आणि अहवालात लिहून गेला : पूरप्रवण, गैरसोयीची, मागणी नसलेली वस्ती.

"तीन पिढ्या ऱ्हायलो हितं," सरजाबाई म्हणाली. "आमाला गैरसोय झाली न्हाई. ह्याला सात मिनिटांत झाली."

सरजाबाई भोयाची. तिच्या नवऱ्याचं जाळं अजून परसदारी वाळत असतं. तिच्या भिंतीला भिंत लावून महानंदाचं घर. महानंदा अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. थडीतल्या निम्म्या पोरांना तिनं हात धरून 'अ' काढायला शिकवलेलं. दोघींची तीस वर्षांची बोलचाल. म्हणून त्या दिवशी सरजाबाई दारावरून जाताना मान वळवून गेली, तेव्हा महानंदाला आधी वाटलं, हिनं पाहिलं नसेल.

पाहिलं होतं. आदल्याच संध्याकाळी संघपालच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली होती आणि महानंदा तेवढी पाय दुखतोय म्हणून गेली नव्हती. संघपाल जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. खटाटोप करून त्यानं भरपाईच्या निवाड्याची नक्कल मिळवली होती आणि भाव कुठून आला ते वाचून दाखवलं होतं. गेल्या तीन वर्षांत थडीत दोनच खरेद्या नोंदल्या होत्या. एक संघपालची स्वतःची. त्यानं बँकेचं कर्ज काढून घर घेतलेलं, त्यामुळे खरी किंमत दाखवणं भाग होतं. भूसंपादनाच्या साहेबानं ती 'अपवादात्मक' म्हणून बाजूला सारली. दुसरी खरेदी, बावीस हजारांची, तीच गल्लीचा बाजारभाव म्हणून तेवीस घरांना लावली. ती खरेदी महानंदाची.

हे तिला सरजाबाईनंच सांगितलं, तिसऱ्या दिवशी, उंबऱ्यातूनच.

"तुझ्या एका कागदापायी आमची घरं मातीमोल झाली, म्हानंदा."

"म्या काय केलं गं?"

"बावीस हजाराला जागा घेतली म्हणून लिव्हून दिलं की तू. सरकार म्हणतंय, बाई बावीसला घेतीय तर तुमाला जास्ती कामून द्यायचं?"

महानंदा मटकन ओट्यावर बसली. कागद तिचाच होता, सहीही तिचीच होती, आणि त्यातला आकडा साफ खोटा होता.

ती खरेदी झाली कशी, ते सांगितलं पाहिजे. महानंदा नांदेडला दिलेली. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती एक ट्रंक घेऊन माहेरी आली आणि थोरल्या भावानं, रेवणप्पानं, ट्रंक स्वतःच्या हातानं घरात नेऊन ठेवली. कधी आलीस, कधी जाणार, असं त्यानं उभ्या जन्मात विचारलं नाही. त्याच्या घराला लागून मोकळी जागा होती. तिथं तिनं अंगणवाडीच्या पगारातून दोन खोल्या बांधल्या. जागा मात्र भावाच्या नावावर. पुढं रेवणप्पाचा खोकला वाढला आणि त्याच्या मनानं घेतलं, आपण आहोत तोवर हिचं कागदावर करून टाकावं. पंचमीला बहिणीला चोळीबांगडी करायचीच असते, ह्या वर्षी जागाच करू. बहिणीला शेताचा तुकडा, झाडं, जागा असं काहीतरी चोळीबांगडीला म्हणून देण्याची रीत आपल्याकडं जुनी आहे, त्यात नवल काही नव्हतं.

तालुक्याला दस्त लिहिणारा भला होता. तो म्हणाला, "आप्पा, पैसे घेत नाहीत तर बक्षीसपत्र करा."

"बक्षीस?" रेवणप्पा भडकला. "ती काय जत्रंत कुस्ती मारून आली का? भयणीला कुणी बक्षीस देतंय व्हय? खरेदी लिव्हा. खरेदीचा कागद पक्का असतोय, उद्या कुणी मोडाया बघितला तरी मोडत न्हाई."

"किंमत किती लिहू?"

"लिव्हा की काय बी. चोळीबांगडीपुरती."

दस्तवाल्यानं बावीस हजार लिहिले. 'रोख मिळाले, तक्रार नाही' असं ठरलेलं वाक्यही लिहिलं. मुद्रांकाच्या खिडकीवर मात्र बावीस हजार चालले नाहीत. सरकारी दरानं जागा पाऊण लाखाची निघते, म्हणून पाऊण लाखावर शुल्क भरून घेतलं. त्या कागदाच्या नोंदीवर अजून दोन्ही आकडे एकाखाली एक आहेत : मोबदला बावीस हजार, बाजारभाव पंचाहत्तर हजार. थडीचं घर विकलं जाताना सरकारनं खालच्या आकड्यावर पैसे घेतले आणि थडीचं घर घेताना वरच्या आकड्यानं द्यायला निघालं. घेताना एक माप, देताना दुसरं. वाण्यानं असं केलं असतं तर त्याला लोकांनी पारावर उभं केलं असतं.

खरा भाव ह्या दोन्हीच्या कितीतरी वर. तो संघपालच्या खरेदीत होता, पण ती तर अपवादात्मक.

तेवीस घरांनी मिळून लातूरच्या कोर्टात दाद मागितली. वकील आदिनाथराव, पंचवीस वर्षं जमिनीच्याच दाव्यांत मुरलेला माणूस, सावकाश बोलणारा. संघपालनं महानंदाला त्यांच्याकडं नेलं. जाताना गाडीत तो तिच्याशी नेहमीसारखं 'ताई, ताई' करून बोलत होता. गल्लीत आता तो एकटाच तसं बोलायचा.

"सरळ आहे," आदिनाथराव म्हणाले. "तुम्ही साक्षीला उभं राहायचं. हा व्यवहार भाऊ-बहिणीचा आहे, लिहिलेली रक्कम खरी किंमत नाही, पैसे दिले-घेतले नाहीत, एवढं सांगायचं. मग त्या कागदावरून कुणाचा भाव काढता येणार नाही. उरतो तो संघपालांचा कागद."

"मंग सांगते की," महानंदा म्हणाली. "त्यात काय."

आदिनाथरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यात आहे. मी सगळ्या गल्लीचा वकील आहे, तुमचाही आहे, म्हणून आधीच सांगतो. किंमत दिलीच नाही असं तुम्ही शपथेवर म्हणालात, तर तुमची खरेदी पोकळ आहे असं कुणी म्हणू शकतं. रेवणप्पा आता नाहीत. त्यांचा वारस कोण?"

"बसवराज. त्याचा मुलगा."

"तो म्हणाला की जागा कधी विकलीच गेली नाही, ती वडिलांचीच राहिली, तर जागा त्याची. जागा त्याची तर भरपाई त्याची. घर तुम्ही बांधलंय हे दाखवायला पावत्या आहेत?"

अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या विटांच्या पावत्या कुणाकडं असतात? महानंदानं मान हलवली.

"आन पैसे दिले म्हणून सांगितलं तर?"

"तर तुमची जागा शाबूत. गल्लीला मात्र बावीस हजाराचाच भाव."

संघपाल खाली बघत होता. तो काही बोलला नाही, हे त्याचं चांगलंच म्हणायचं. पण त्याचं न बोलणंही महानंदाला जड गेलं. परतताना रेणापूरपाशी तीच म्हणाली, "मास्तर, कागद सगळ्यांचेच असे असतात का हो?"

"सगळ्यांचेच, ताई. कमी दाखवायचं, हीच पद्धत पडून गेली. माझं कर्ज नसतं तर मीसुद्धा तेच केलं असतं."

म्हणजे चूक सगळ्या मुलखाची आणि खापर तिच्या एकटीच्या डोक्यावर. तिला संताप आला तो ह्याचा. खोट्या आकड्याची ही चाल तिनं काढली नव्हती. सरकारला ती माहीत नव्हती असंही नाही; माहीत होती म्हणून तर मुद्रांकाला वेगळा आकडा धरत होतं. आणि आता तेच सरकार भोळेपणाचा आव आणून म्हणत होतं, तुम्हीच लिहिलंय ना?

साक्षीच्या आठ दिवस आधी बसवराज आला. नांदेडला ट्रॅक्टरच्या दुकानात त्याची नोकरी. बापाच्या वर्षश्राद्धानंतर हिंगणथडीचं तोंड पाहिलं नव्हतं. आला तो सफरचंदं घेऊन आला. महानंदा तेव्हाच सावध झाली. आजारी नसलेल्या माणसाला कुणी सफरचंदं आणली की त्यामागं काहीतरी असतं.

"कशी हाय, आत्या?"

"बरी हाय."

"केस कुठवर आली?"

"तुला ठाव असंल की."

त्यानं सफरचंद आपणच कापायला घेतलं. "आत्या, मी काय म्हणतो, कोर्टात खरं ते सांग. पैसे दिले न्हाईत तर न्हाई म्हणावं. आप्पा नेहमी म्हणायचे, कोर्टात खोटं बोलू न्हाई. सगळ्या थडीचं कल्याण होऊन राहिलंय, तर आपण आडवं येऊ न्हाई."

"आन माझं काय व्हतंय?"

"तुझं काय व्हायचंय? मी हाय की. माझ्याकडं ये नांदेडला. एक खोली देतो तुला."

ज्या घराची प्रत्येक वीट तिनं पगारातून आणली, त्या घरातून उठून पुतण्याच्या एका खोलीत. आणि हे सगळं सत्याचा हवाला देऊन. महानंदानं त्याला जेवायला वाढलं, कारण दारात आलेल्या भावाच्या पोराला उपाशी धाडायची रीत नाही. पण तो गेल्यावर तिनं सफरचंदं उचलून सरजाबाईच्या शेळीपुढं टाकली. सरजाबाईनं पाहिलं. काय झालं म्हणून विचारलं आणि महानंदानं सांगून टाकलं, वकील काय म्हणाला तेही आणि बसवराज काय म्हणाला तेही.

"मला ठाव नव्हतं," सरजाबाई म्हणाली. "मला वाटलं, तुला सांगायचंच न्हाई."

"आता काय करू, सांग."

"म्या कशी सांगू? म्या सांगितलं तर ते माझ्या घरासाठीच व्हईल."

हा तिचा प्रामाणिकपणा महानंदाला पार आतून लागला. पैसे दिले म्हणावं, असं तिच्या मनात चार वेळा येऊन गेलं होतं. अगदी सोपं होतं. कागदातही तसंच लिहिलं होतं, फक्त हो म्हणायचं. पण ती हो म्हणाली तर उद्या सरजाबाईनं कुठं जायचं? तिच्या नवऱ्याला नदी सोडून दुसरं काही येत नाही. दुसऱ्या पाण्याकाठी घर घ्यायचं तर पैसा हवा, आणि तो पैसा महानंदाच्या जिभेवर अडकलेला. असला न्याय कुठला, की साहेबानं चुकायचं आणि दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींचं घर वाचवायचं की आपलं, ते ठरवायचं?

तारखेला सगळी थडी लातूरला गेली. कोर्टाची खोली लहान, पंखा मोठा. मागच्या बाकावर इस्त्रीच्या शर्टात बसवराजही होता. आदिनाथरावांनी महानंदाला मोजके प्रश्न विचारले. रेवणप्पा कोण? भाऊ. पैसे दिले का? नाही दिले. खोलीत कुणीतरी मोठा श्वास सोडला. झालं. जे जायचं ते जिभेवरून गेलं होतं.

मग सरकारी वकील उठले. तरणेबांड, तयारीचे.

"खरेदीखतात 'रोख मिळाले, तक्रार नाही' असं लिहिलंय. त्याखाली सही तुमची आहे?"

"हाव."

"मग खोटं कधी बोललात? त्या दिवशी की आज?"

"त्या दिवशी, साहेब. कागद लिहिताना सगळेच बोलतात. तुमच्या खिडकीवरल्या माणसालाबी ठाव व्हतं, म्हणून त्यानं पैसे दुसऱ्याच आकड्यावर घेतले."

मागून कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि हसणं थांबलं. सरकारी वकिलांचे कान लाल झाले होते.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की नदीकाठची ही इतकी मोक्याची जागा तुमच्या भावानं तुम्हाला फुकट दिली."

आदिनाथराव लगेच उठले. "साहेब, 'मोक्याची' हा शब्द लिहून घ्यावा. सरकारच्या अहवालात 'गैरसोयीची' आहे."

"लिहून घ्या," न्यायाधीश म्हणाले.

सरकारी वकिलांनी ते गिळलं आणि सगळा राग बाईवर काढला. "फुकट मिळालेल्या जागेचे पैसे आता तुम्ही सरकारकडून मागताय. असंच ना? एक रुपया न घालता, फुकटात."

फुकट. महानंदानं मागं पाहिलं. बसवराज बाकावर रेलला होता आणि त्याच्या ओठांवर बारीकसं समाधान होतं. त्या शब्दावर त्याची मान किंचित हललीसुद्धा. हो, फुकटच. ते पाहिलं आणि बाईच्या मस्तकात तिडीक गेली.

"फुकट न्हाई," ती म्हणाली.

सरकारी वकील एकदम जागे झाले. "म्हणजे पैसे दिले?"

आदिनाथराव जागच्या जागी थबकले. संघपालनं डोळे मिटून घेतले.

"पैसे न्हाई दिले. माझा वाटा दिला." तिनं वकिलाकडं नव्हे, न्यायाधीशांकडं पाहिलं. "साहेब, त्या दिवशी एक न्हाई, दोन कागद झाले. ह्याच्या आधीचा नंबर बघा. आमच्या बापाची नऊ एकर जमीन. आम्ही दोघंच, माझा भाऊ आन मी. कायद्यानं साडेचार एकर माझी. त्यावरचा हक्क सोडला म्हणून म्या सही केली, मंग चहा पिलो, मंग ह्या जागंचा कागद झाला. त्या हक्कसोडात किंमत किती लिव्हलीय ठाव हाय का? काहीच न्हाई. राजीखुशीनं, विनामोबदला. मला कुणी विचारलं न्हाई, साडेचार एकराचा भाव काय. म्याबी विचारलं न्हाई. भयणी विचारत नसतात."

आदिनाथरावांसारख्या मुरलेल्या माणसानं हा दुसरा कागद तिला कधी विचारला नव्हता, आणि लपवून ठेवावं असं काही महानंदाच्याही मनात नव्हतं. बहिणीची हक्कसोडावरची सही ही आपल्याकडं व्यवहार म्हणून कुणी धरतच नाही. लग्नात अक्षता टाकाव्यात तशी ती टाकून घेतात. तलाठी धरत नाही, वकील धरत नाही, भाऊ धरत नाही, आणि खुद्द बहीणही धरत नाही; कुणीतरी तोंडावर फुकट म्हणेपर्यंत.

"भाऊ माझा सोन्यासारखा व्हता," ती पुढं म्हणाली. "त्यानं मला फसवलं न्हाई. रीत हाय ती त्यानं केली आन म्या केली. पण साहेब, आता कुणी म्हणत असंल, म्हानंदाच्या जागंचा कागद पोकळ हाय, तर मंग माझ्या सहीचाबी पोकळ. दोन्ही संगं झाले. धरायचे तर दोन्ही धरा, सोडायचे तर दोन्ही सोडा."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे कागदातले बावीस हजार ही त्या जागेची किंमत नव्हती, एवढं नक्की?"

"एवढं नक्की."

"बसा, बाई."

ती खाली उतरली तेव्हा मागच्या बाकावर बसवराज रेललेला नव्हता. तो सरळ बसला होता आणि मोबाईलवर घाईघाईनं काहीतरी लिहीत होता. बाहेर चहाच्या टपरीवर आदिनाथराव तिला म्हणाले, "बाई, हे मला आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलं कुठं, वकीलसाहेब?"

निकाल साडेचार महिन्यांनी लागला. महानंदाचा कागद भावासाठी धरता येत नाही, संघपालचा धरावा, असं ठरलं. भाव पाचपट झाला. कुणी फटाके वाजवले नाहीत. घरं तर जाणारच होती. सरजाबाईनं त्या दिवशी मळ्या माशाचं कालवण करून महानंदाच्या दारात आणलं आणि मग ही बाई मासे खात नाही हे आठवून स्वतःच कपाळावर हात मारला. तीस वर्षांत प्रथमच विसरली होती. दोघी कितीतरी वेळ ओट्यावर बसून हसल्या, आणि हसता हसता सरजाबाई रडायला लागली.

बावीस घरांचे पैसे निघाले. महानंदाचे अडले. साक्षीत असं असं आलंय, तेव्हा रेवणप्पांच्या वारसाची हरकत नसल्याचं लेखी आणा, असं तिला सांगण्यात आलं. खरं बोलल्याचा दंड दुसऱ्या कुणालाच पडला नव्हता. सात मिनिटं उभं राहून गेलेल्या माणसाला तर कुणी विचारलंही नाही.

तिनं बसवराजला फोन केला नाही. बोलावणं धाडलं नाही. ती सामान बांधत राहिली. आणि पंधरा दिवसांनी तो आपणहोऊन आला, ह्या खेपेला हात हलवत.

नांदेडला त्यानं दोन वकिलांना विचारलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आत्याचा कागद मोडायला गेलं तर हक्कसोडाचा विषय निघतो, आणि तो निघाला की साडेचार एकरांचं काय होईल ते कुणीच छातीठोक सांगत नव्हतं. नऊ एकर त्याच्या नावावर चढलेली होती आणि त्यातल्या दोनवर, 'नदीकिनारी निवास'वाल्याकडून, त्यानं विसाराचे पैसे आगाऊ घेऊन ठेवले होते.

"ते हक्कसोडाचं कोर्टात कामून काढलं, आत्या?" त्यानं विचारलं.

"मला फुकट म्हणले म्हणून."

"घरातल्या गोष्टी चारचौघांत काढू न्हाई."

"आन मला खरं सांगायला कोण सांगून गेलं व्हतं?"

तिनं हरकत नसल्याचा अर्ज त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला, खाली पाहिलं, वर पाहिलं, बांधून ठेवलेल्या गाठोड्यांकडं पाहिलं. शेवटी सही केली. पेन खिशाला लावून तो उठला आणि दारात थांबला.

"एक रुपया न घेता सही केली, आत्या. ध्यानात ठेव."

महानंदानं कागद उचलला आणि शाई वाळली का ते पाहिलं.

"म्या साडेचार एकरावर अशीच केली व्हती, बसवराज," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी ध्यानात ठेवली?"